पटावरचं विसावं नाव

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर ही माझी कवळी आत्ताच्या आत्ता चहात पडू दे, आणि उरलेलं आयुष्य मी ओटची पेज पीत काढीन. थ्रॉसबेकमधल्या कुणालाही जाऊन विचारा. फक्त रोलंड फॉसेटला विचारू नका. तो सांगायचा नाही.

त्या वर्षी जूनमध्ये हेस्टर बर्केटचा नवरा आयझॅक गोठ्याच्या ओल्या पायरीवरून घसरला आणि खुब्यात मोडला. हाड बसवलं ते वाकडंच बसलं. दुसरं ऑपरेशन करायचं म्हणाले, तारीख दिली नाताळच्या आधीची. तोवर दोन काठ्या आणि खिडकीतली खुर्ची. अडतीस मेंढ्या, त्यांची कातरणी, गवत कापणं, चार वर्षांची नेल आणि खिडकीतला नवरा, सगळं हेस्टरच्या गळ्यात आलं. हातपाय तिचे काटक, पण होते दोन-दोनच.

वरच्या डोंगराला कुंपण नाही. सहा घरांच्या मेंढ्या तिथं मोकळ्या चरतात, आणि कुणी कुठं चरायचं ते कागदावर नसतं, मेंढीच्या डोक्यात असतं. आईनं कोकराला ठाव दाखवायचा, त्यानं मोठं होऊन आपल्या कोकराला दाखवायचा. बर्केटांचा ठाव काळ्या कड्याखाली, दीडशे वर्षांचा. गवत गोड, वाऱ्याला आडोसा. पलीकडे फॉसेटचा ठाव, तिथं नुसती लव्हाळी आणि चिखल. मेंढीला ठावावरून एकदा हाकललं तर ती दुपारी परत येते. पण कुत्रं लावून रोज हाकललं, महिनाभर, तर ती विसरते. इकडं कुणी कुणाची बायको पळवली तर लोक चार आठवडे बोलतात आणि सोडून देतात. दुसऱ्याच्या मेंढ्या ठावावरून उठवल्या तर नातवंडंसुद्धा बोलतात.

आणि फॉसेटनं नेमकं तेच केलं. वर कुणी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

जुलैत हेस्टरच्या मेंढ्या खाली डांबरी रस्त्यावर हिंडताना दिसायला लागल्या. त्यांतल्या दोन एका दुधाच्या टँकरखाली गेल्या. तिसऱ्या दिवशी नेलला आयझॅकपाशी बसवून हेस्टर वर चढली. धुकं होतं. आधी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग फॉसेटची चार चाकांची मोटरसायकल दिसली, आणि तिच्यापुढं डाव्या पुठ्ठ्यावर लाल पट्टा मारलेल्या तिच्या मेंढ्या, धापा टाकत, जिभा बाहेर.

"मिस्टर फॉसेट, या माझ्या मेंढ्या."

"दिसतंय की. लाल पट्टा आंधळ्यालाही दिसेल."

"मग कुत्रं कशाला लावलंय?"

"माझ्या अंगावर येत होत्या. जरा वाट दाखवली."

"हा आमचा ठाव आहे."

"ठाव राखायला माणूस लागतो, पोरी." फॉसेटनं गाडीवरून खाली उतरायचीही तसदी घेतली नाही. "तुझा माणूस खिडकीत बसलाय. ज्याला डोंगर चढवत नाही त्यानं कोंबड्या पाळाव्यात. अंडी तरी मिळतील."

चराईवाल्यांची बैठक गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरली. अध्यक्ष फॉसेटच. हेस्टर उभी राहिली, सगळं सांगितलं. चार घरांची माणसं आपापल्या पेल्यात बघत बसली, जसं काही तळाशी काहीतरी पडलंय. फॉसेट म्हणाला, "झालं सांगून? मग पुढचा विषय, पुलाची दुरुस्ती." हेस्टर खाली बसली. तिच्या हातमोज्याला शेणाचा वास येत होता, तो तिलाच एकदम जास्त यायला लागला.

ऑगस्ट गेला. काळ्या कड्याखाली आता निळ्या पट्ट्याच्या मेंढ्या चरत होत्या, फॉसेटच्या. हेस्टरच्या छत्तीस खालच्या दोन शेतांत दाटीवाटीनं, गवत मुळापर्यंत खाऊन माना वर करून उभ्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पोस्टात गेली. आमचं पोस्ट म्हणजे दुकानही तेच. गल्ल्यावर डोरीन असते, आणि डोरीनच्या पोटात काही राहत नाही, जेवण सोडून.

"कळलं का गं," डोरीन म्हणाली, "शाळेला पत्र आलंय कौंटीच्या कचेरीचं. पटावर एकोणीस झालीत. पुढच्या सप्टेंबरात वीस नसली तर कुलूप. फॉसेट दोनदा वाचून गेला, तेच पत्र, इथं उभ्यानं."

"त्याला काय झालं?"

"काय झालं म्हणजे? शाळा समितीचा अध्यक्ष तो. दाराच्या दगडावर आजाचं नाव कोरलंय. आणि एल्सी शिकवते ना तिथं, त्याची पोरगी. शाळा गेली तर ती जाणार शहरात. एकुलती एक." डोरीन पुढं वाकली. "आता विसावं कोण, ते मोजून बघ. खोऱ्यात चार वर्षांचं दुसरं पोर आहे कुठं?"

हेस्टर जरा वेळ बिस्किटांच्या फळीकडं बघत राहिली.

"डोरीन, फोन दे जरा."

दुकानातूनच करावा लागतो फोन. मोबाइलला आमच्याकडे चर्चमागच्या तिसऱ्या थडग्यावर चढलं तरच आवाज येतो. मागं रांगेत चार जणं होती. हेस्टरनं बाजारगावच्या शाळेचा नंबर फिरवला आणि आवाज जरा चढवला.

"हॅलो, मला मुलीसाठी शाळा बघायला यायचंय. हो, अर्ज भरायच्या आधी. घराजवळ थ्रॉसबेकची आहे की, पण माणसानं चार ठिकाणं बघावीत. इथल्या अध्यक्षांचं फार काही कानावर येतं हो. हो, चौदा तारीख चालेल."

तसाच दुसरा फोन तिनं पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चच्या शाळेला केला. तिसरा थ्रॉसबेकच्या शाळेला, जी दुकानाच्या खिडकीतून दिसते. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही. संध्याकाळपर्यंत फॉसेटला तिन्ही फोन पाठ झाले होते.

चौदा तारखेला नेलला धुतलेला स्वेटर घालून हेस्टर बाजारगावला गेली. शाळा देखणी. भिंतीएवढ्या खिडक्या, मऊ गालिचा, बागेत प्लॅस्टिकची मेंढी. मुख्याध्यापिका मिसेस ओकडेन फार गोड बाई. तिनं हेस्टरच्या हातात एक छापील कागद दिला, 'शाळा पाहताना पालकांनी काय विचारावं'. हजेरी, शिस्त, जेवण, हवामान खराब असताना काय व्यवस्था, असे बारा प्रश्न, पुढं खुणेला चौकोन.

नेलनं प्लॅस्टिकच्या मेंढीचं तोंड उघडून बघितलं, दात नव्हते. मग तिनं रांगेतल्या एका मुलाची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं ओठ वर केला.

"याचे पुढचे दोन पडलेत," ती मिसेस ओकडेनला म्हणाली. "याला आता बाजारात काढा."

मिसेस ओकडेन हसली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जाताना नेल दोनदा ओकली होती, वळणावळणाचा रस्ता. शाळेची बस सात वाजायच्या आधी निघते, तास लागतो. म्हणजे रोज जाताना दोनदा आणि येताना दोनदा. हेस्टर गाडीत बसली, पोरीचं पांढरंफटक तोंड पुसलं, आणि जे ठरवायचं ते तिथंच ठरवलं. पोरीला नेऊन कुणावर सूड उगवायचा नाही. सूड वेगळा, पोर वेगळी.

मग ती वाचनालयात गेली, संगणकावर अर्ज भरला. पहिलं नाव थ्रॉसबेक. दुसरं, तिसरं असंच. तिथल्या बाईनं पोचपावती छापून दिली, वर तारीख, चौदा सप्टेंबर. हेस्टरनं तिची घडी केली आणि घरी येऊन चहाच्या डब्यात, पत्तीच्या पुडीखाली ठेवली. आयझॅकलाही बोलली नाही. नाव लिहिणं ही एक गोष्ट, ते लिहिलंय हे फॉसेटला कळणं ही दुसरी. पहिली झाली होती. दुसरीला अर्जाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या पंधरापर्यंत, वेळ होता.

थ्रॉसबेकच्या शाळेत पालकांना अध्यक्षांनी स्वतः फिरवायचं, असा नियम आहे. फॉसेटनंच केलेला, पाच वर्षांपूर्वी, आपला नवा कोट लोकांनी बघावा म्हणून. तोच कोट घालून तो दारात उभा होता.

"या, या. ये गं नेल. हा मोठा वर्ग, आणि हाच लहान वर्ग."

"संडास बघू," हेस्टर म्हणाली.

"संडास?"

"चार वर्षांचं पोर आहे, अध्यक्षसाहेब. ते पहिल्या दिवशी दुसरं काय बघणार?"

संडासाच्या कडीला गंज होता. हेस्टरनं कडी वरखाली केली, कागदावर खूण केली. "नेलची बोटं अडकतील. आणि ही खालची फट. वारा येतो ना इथून? वाकून बघा. नाही, अजून खाली." फॉसेटनं तो कोट सावरत फरशीवर गुडघा टेकला. वर्गाच्या दारातून एकोणीस पोरं बघत होती. एल्सी त्यांना म्हणाली, फळ्याकडं बघा, पण तीही फळ्याकडं बघत नव्हती.

"पुन्हा यावं लागेल," निघताना हेस्टर म्हणाली. "कडी बदलल्यावर. ऑक्टोबरचा पहिला गुरुवार, दहा वाजता."

फॉसेटचा चेहरा उतरला. "त्या गुरुवारी एडक्यांचा बाजार आहे. मी वर्षभर एडका तयार केलाय."

"मग राहू दे. बाजारगावची शाळाही गुरुवारीच दुसऱ्यांदा बोलावतेय."

तो गुरुवार आला. फॉसेटचा एडका पुतण्यानं नेला. रोज शाम्पूनं धुतलेला, तोंड चोपडलेलं, शिंगं घासलेली. रिंगणात तो अनोळखी हाताला बुजला, उधळला, आणि पंचाला टेबलासकट आडवा करून चहाच्या तंबूत शिरला. त्या वेळी फॉसेट थ्रॉसबेकच्या शाळेत पोरांच्या खुर्चीवर बसला होता, गुडघे हनुवटीला लागलेले, कारण खुर्ची भक्कम आहे का ते हेस्टरला बघायचं होतं.

"सरळ सांग," तो म्हणाला. "काय हवंय तुला?"

"माझ्या मेंढ्या काळ्या कड्याखाली हव्यात."

"ने की. माझ्या मी काढून घेतो. अडवणार नाही."

"नेल्या तरी राहतात कुठं? काळा कडा दिसला की उलट्या पळतात. तुम्ही शिकवलंत, त्या शिकल्या. आता उलटं शिकवा."

"म्हणजे?"

"उजाडल्यापासून अंधारेपर्यंत वर उभं राहायचं. खाली निघाल्या की वळवायच्या, त्या बसेपर्यंत. पायी. कुत्रं नाही, गाडी नाही. कुत्रं दिसलं की त्यांचं काळीज फाटतं."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे, हेस्टर. पुतण्याला पाठवतो."

"ठाव राखायला माणूस लागतो म्हणाला होतात. तो माणूस मला तुम्हीच हवे."

फॉसेटनं वर्गाकडं बघितलं. एल्सी एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. "आणि मी उभा राहिलो तर नाव इथं येईल?"

"मी बघायला येत जाईन, शाळा बघायला येते तशी. जे दिसेल त्यावरून ठरवीन. मुदत लांब आहे. मला घाई नाही."

सोमवारपासून तो उभा राहिला.

पहिल्या आठवड्यात मेंढ्यांनी त्याला पळवून पळवून मारला. छत्तीस मेंढ्या, एक माणूस. डावीकडून वळवल्या की उजवीकडून सुटायच्या. कुत्र्याची सवय झालेल्या माणसाला धावता येत नाही, त्याला नुसती शीळ घालता येते. तिसऱ्या दिवशी दलदलीत मांडीपर्यंत गेला आणि एकाच बुटावर घरी आला. दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आमच्याकडचा ऑक्टोबरचा पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो, आणि एका कानात शिरून दुसऱ्यातून निघतो. कोट भिजून दुप्पट जड झाला. मानेवर कॉलरनं चामडी सोलली. बोटांना भेगा पडल्या, त्यात लोकरीचं तेल शिरून चरचरायचं. खाली खोऱ्यात चारही घरांच्या खिडक्यांत दुर्बिणी आल्या. बैठकीत पेल्यात बघणारी माणसं आता डोंगराकडं बघत होती. शाळेच्या मोठ्या खिडकीतूनही तो दिसायचा, काळ्या कड्याखाली एक काडी, इकडून तिकडं हलणारी. एल्सीनं त्या खिडकीला पडदा लावला.

रोज अकराला हेस्टर नेलला पाठीवर घेऊन वर यायची. मिसेस ओकडेनचा कागद काढायची.

"हजेरी?"

"उजाडल्यापासून आहे."

"शिस्त? ती बघा, कान फाटलेली, ओढा ओलांडतेय."

तो धावायचा. परत यायचा तेव्हा बोलायला श्वास नसायचा.

"जेवणाची व्यवस्था?"

"सँडविच होतं. मघाशी त्याच मेंढीनं खाल्लं."

हेस्टर खूण करायची. मग दगडावर बसून थरमासातून चहा ओतायची, एक पेला आपल्याला, एक नेलला. चहाची वाफ वाऱ्यानं थेट त्याच्याकडं जायची. तिसरा पेला ती आणतच नसे.

"आई," नेलनं एकदा विचारलं, "हे आजोबा कितवीत आहेत?"

"अजून पहिलीतच."

घरी आयझॅक म्हणाला, "पुरे कर आता. म्हातारा मरेल वर."

"मेला तर थांबवीन."

"तू अशी नव्हतीस."

"तू खिडकीत नव्हतास तेव्हा," ती म्हणाली, आणि बटाटे सोलायला लागली. बोलल्यावर तिला टोचलं, पण शब्द काही तिनं परत घेतला नाही.

नोव्हेंबर लागता लागता एक दिवस गारा पडल्या. हेस्टर वर पोचली तेव्हा फॉसेट खडकाच्या आड बसला होता. हात मुठीत येत नव्हते, नाक गळत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. खोकला इतका खोल की मेंढ्या माना वळवून बघत. पण मेंढ्या तिथंच होत्या. छत्तीसच्या छत्तीस, कड्याच्या आडोशाला, रवंथ करत.

"याला खोकला झालाय," नेल म्हणाली. "खोकला झाला की आत घेतात ना, चुलीपाशी?"

"कोकरांना घेतात."

फॉसेटनं वर बघितलं. "हेस्टर, आता तरी लिही नाव. एल्सी रात्रंदिवस रडते."

एल्सीचं नाव आलं तेव्हा हेस्टरनं खाली शाळेकडं बघितलं. त्या पोरीनं हेस्टरचं काही वाईट केलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस. हेस्टरनं कागद काढला, 'हवामान खराब असताना काय व्यवस्था' याच्यापुढं खूण केली, आणि उतरायला लागली. त्या दिवशी तिला जेवण दोन घास जास्तच गेलं.

दहा नोव्हेंबरला मेंढ्या खाली आणल्या, त्यांच्यात एडका सोडायचा होता. फॉसेट हजर झाला. "आता झालं ना?"

"शिकवलेलं राहिलंय का ते परीक्षेशिवाय कसं कळणार? जानेवारीत सोडू."

जानेवारीच्या चार तारखेला बर्फ घोट्याएवढं होतं. आयझॅक नव्या खुब्यावर फाटकापर्यंत आला होता, एकाच काठीवर. खालच्या रस्त्यावर चारही घरांची माणसं गाड्या थांबवून उभी. हेस्टरनं फाटक उघडलं. मेंढ्या बाहेर आल्या, थबकल्या. नाकं वर केली. फॉसेट फाटकाच्या खांबाला धरून उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते, देवाला सांगत होता की मेंढ्यांना, देव जाणे.

कान फाटलेली आधी निघाली. रस्त्याकडं न बघता तिनं चढ धरला. तिच्या मागं दुसरी, मग सगळ्या, एकीमागं एक, बर्फात एकच पायवाट पाडत, पोटात कोकरं घेऊन सावकाश. ओढा ओलांडला. काळ्या कड्याखाली जाऊन थांबल्या आणि पुढच्या पायांनी बर्फ उकरायला लागल्या, खालचं गवत तिथं आहे हे ठाऊक असल्यासारख्या. आयझॅकनं टोपी डोळ्यांवर ओढली. हेस्टरनं त्याच्या काठीवरच्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"राहतील आता," फॉसेट म्हणाला.

"पंधरापर्यंत बघा तरी," ती म्हणाली. तो बघायला जात राहिला, रोज, अकरा दिवस.

पंधरा तारखेला तो तिच्या स्वयंपाकघरात आला. पायपुसण्यावरच उभा राहिला. ती बस म्हणाली नाही.

"आज शेवटचा दिवस."

"ठाऊक आहे."

"अर्ज भरलास?"

"भरला."

"पहिलं नाव?"

"थ्रॉसबेक."

फॉसेटनं दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. मग म्हणाला, "उपकार झाले." चाळीस वर्षांत कुणी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. हेस्टरनं मान हलवली आणि चहाचा डबा उघडला. त्याला वाटलं चहा मिळतोय. तिनं पत्तीची पुडी उचलली, खालचा कागद काढून ॲप्रनच्या खिशात ठेवला, आणि डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाच्या फलकावर, हरवलेलं मांजर आणि पत्त्यांचे डाव यांच्या मधोमध, तिनं तो कागद चार टाचण्यांनी लावला. दहा वाजेपर्यंत सगळं खोरं वाचून गेलं. कुणी हसलं नाही, पण जो तो दुकानातून निघायचं विसरला. साडेदहाला फॉसेट वर्तमानपत्राला आला. लोकांनी वाट दिली. त्यानं चष्मा लावला, शाळेचं नाव वाचलं, मग भेगाळलेलं बोट वर सरकवत तारखेपाशी आणलं. चौदा सप्टेंबर.

हेस्टर गल्ल्यापाशी उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "असो. मेंढ्या तरी शिकल्या." मग तीही जरा हसली.

आता ही कवळी हलायला लागलीय, तेव्हा सांगून टाकते. हे शेवटचं मी घातलं. बरं दिसतं म्हणून. त्यानं टोपी काढली नाही, आणि तो काही बोलला नाही. बोट तारखेवर ठेवून तो उभा राहिला, दिवस मोजत असावा, आणि मग वर्तमानपत्र न घेताच गेला. तीही हसली नाही. तो वळणाआड जाईपर्यंत तिनं खिडकीतून बघितलं. डोरीननं विचारलं, कागद काढू का आता.

"राहू दे," हेस्टर म्हणाली. "सप्टेंबरात शाळा उघडेपर्यंत राहू दे."